प्रश्न श्रोत्याचा, पुराण पाद्रीचे

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चे (१६१६) नाव निघाले की मराठीची थोरवी गाणाऱ्या ओव्याच पुढे केल्या जातात. त्या सुरेख आहेत, वाद नाही. पण पहिल्या अवस्वरूचा, म्हणजे अध्यायाचा, खरा जीव मला त्यांच्याजवळच्या एका संवादात दिसतो. गोव्यातल्या साष्टीतल्या चर्चमध्ये रविवारची शिकवण आटोपली आहे. श्रोत्यांतला एक जण पाद्रीगुरूंना विचारतो: शिकवण दिलीत, बरे झाले, पण आमची जुनी पुराणे बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही?

स्वर आर्जवाचा आहे, पण त्याखाली सल आहे. साष्टीतली देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती. १५८३ मध्ये साष्टीतल्याच कुंकळ्ळीत पाच जेझुइट पाद्री मारले गेले, तेव्हा त्यांचे देह आणायला स्टीफन्सच गेले होते. पुराणांची ही पोकळी चर्चच्याच राज्यात तयार झाली, हे विसरून ग्रंथाचे नुसते गोडवे गाणे मला पटत नाही. तरी कवीची जाण अशी की तो हा प्रश्न दडपत नाही. त्याच्याच आधारावर दहा हजारांहून जास्त ओव्या उभ्या करतो. ख्रिस्ती झालेल्या माणसाला कथा हवी, पण ती ओवीतच हवी, कानाला सवयीच्या चालीत.

श्रोत्याच्या या प्रश्नावरून मला जाब विचारण्याचा दुसरा एक प्रसंग आठवतो. अमेरिकेत १९२७ मध्ये चार्ल्स मार्शल यांनी ‘अटलांटिक मंथली’तून अध्यक्षपदाचे कॅथलिक इच्छुक अल स्मिथ यांना जाहीर पत्र लिहिले: कॅथलिक माणूस राज्यघटनेशी एकनिष्ठ राहील का? स्मिथ यांनी उत्तर दिले. १९२८ ची अध्यक्षपदाची निवडणूक मात्र ते हरले. तिथे परक्याने कॅथलिकाला जाब विचारला. साष्टीत कॅथलिकच आपल्या गुरूला जाब विचारतो, आणि म्हणून तो मला जास्त जवळचा.

श्रोत्याची ही कदर भाषेतही दिसते: सोपेपणासाठी मराठीत कोकणी शब्द मिसळल्याचे स्टीफन्स प्रस्तावनेत मोकळेपणाने सांगतात. भाषेचे सोवळे पाळणाऱ्याला हे खटकेल. भंडारा जिल्ह्यातल्या नाकाडोंगरीत, जिथे मराठी, हिंदी आणि पोवारी एकाच ओट्यावर बसतात, तिथल्या वाचकाला मुळीच खटकणार नाही.

मूळ छपाई रोमन लिपीतली होती; शांताराम बंडेलू यांची १९५६ ची देवनागरी आवृत्ती मिळाली तर पहिला अवस्वरू मोठ्याने वाचा. गौरवाच्या ओव्यांशी थांबू नका.