विनोद आणि विटंबना

अमेरिकेंत नभोवाणीवरून सार्वजनिक प्रश्नांची चर्चा करणाऱ्या वक्त्यांचा एक स्वतंत्र वर्गच आहे. अर्धा संपादक व अर्धा विदूषक अशा या वक्त्याचें बोलणें कोणत्या कसोटीस लावावें, हा प्रश्न डॉन आयमस यांच्या प्रकरणानें २००७ सालीं ऐरणीवर आणिला.

त्या सालच्या ३ एप्रिलला रट्गर्स विद्यापीठाचा मुलींचा बास्केटबॉल-संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत टेनेसीकडून हरला. दुसऱ्या दिवशीं आयमस यांनीं आपल्या सकाळच्या कार्यक्रमांत त्या खेळाडूंविषयीं, ज्यांत बहुतेक कृष्णवर्णीय होत्या, दोन शब्द उच्चारले. एक त्यांच्या कुरळ्या केसांची हेटाळणी करणारा, दुसरा त्यांच्या शीलावर शिंतोडा उडविणारा. ते येथें छापण्याचें प्रयोजन नाहीं.

हा केवळ विनोद होता, असा बचाव झाला. तेव्हां तो विनोदाच्याच शास्त्रानें तपासूं. भरतमुनींनीं हास्याचें मूळ विकृतींत सांगितलें आहे : विकृत वेष, विकृत अलंकार इत्यादि. परंतु विकृति म्हणजे प्रकृतीहून ढळलेलें. जे केस घेऊन मूल जन्मास येतें, ते विकृत कसे? ते हास्यास्पद वाटावयाचे, तर गोऱ्यांचे सरळ केस हीच मनुष्याची प्रकृति, असा सिद्धांत मनांत आधींच ठरलेला असला पाहिजे. कोणी तो उघड मांडला असता, तर पुष्कळ श्रोत्यांनीं तो झिडकारला असता. हंशाबरोबर मात्र तो नकळत गळीं उतरतो. वर्णद्वेषी विनोदाचें खरें विष हेंच होय.

हे शब्द कृष्णवर्णीयांच्याच बोलींतून आले, असेंही आयमस यांनीं सांगितलें. पण शब्दाचें कूळ दाखविल्यानें वक्त्याची जबाबदारी टळत नाहीं. भावंडांनीं थट्टेनें ठेवलेलें नांव परक्यानें घेतलें कीं त्याची शिवी होते. वक्ता कोण व श्रोता कोण, यांवरून अर्थ पालटतो, हें मम्मटानें व्यंजनेच्या विवेचनांत केव्हांच सांगून ठेविलें आहे.

राहिला वाणीस्वातंत्र्याचा प्रश्न. आयमस यांना सरकारनें दंड केला नाहीं कीं तुरुंगांत घातलें नाहीं. आरंभीं दोन आठवड्यांची तहकुबी जाहीर झाली; मग मोठमोठ्या कंपन्यांनीं जाहिराती काढून घेतल्या, आणि १२ एप्रिलला सी. बी. एस. रेडिओनें कार्यक्रमच बंद केला. यांत स्वातंत्र्याचा गळा घोटला गेला असें आम्हांस वाटत नाहीं. पण जाहिरातदारांच्या हिशेबास नीतीचा निवाडा म्हणण्यासही आम्ही तयार नाहीं. त्याच सालच्या ३ डिसेंबरला आयमस दुसऱ्या केंद्रावरून पुन्हां बोलूं लागले, आणि त्या मुलींना आपल्या क्षमेचा पश्चात्ताप व्हावा असें यापुढें कांहीं बोलणार नाहीं, अशी ग्वाही त्यांनीं दिली.

या गदारोळांत ज्यांचा अपमान झाला त्या मुलीच मागें पडल्या. १० एप्रिलला त्यांच्या शिक्षिका सी. व्हिव्हियन स्ट्रिंगर यांनीं पत्रकारांपुढें कोणाच्या अंगीं कोणती विद्या, कोणती कला आहे तें सांगितलें. पुढें मुलींनीं आयमस यांची भेट घेऊन त्यांची क्षमायाचना स्वीकारली. ज्याच्या हातीं रोज सकाळीं ध्वनिक्षेपक असतो, त्यानें एवढी माहिती बोलण्यापूर्वीं करून घ्यावी, ही अपेक्षा कांहीं फार मोठी नव्हे.