स्वयंनिर्देशनाची नोंद कोण करणार?

मुलाला आपले शिकणे आपण चालवता यावे, हा विचार आता धोरणाच्या भाषेत स्थिरावला आहे. ‘स्वयंनिर्देशन’ हे त्याचे प्रतिष्ठित नाव. उद्दिष्ट स्वतः ठरवणे, काम आखणे, अडल्यास मदत मागणे, केलेले तपासून दुरुस्त करणे, या त्याच्या पायऱ्या. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली आणि त्यात शिक्षकाच्या मूल्यमापनाबरोबर विद्यार्थ्याचे स्वमूल्यमापन व सहाध्यायांचे मूल्यमापनही घातले. या हेतूला माझा विरोध नाही. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या स्वतःची वाट निवडण्याचाच अधिकार नाकारला गेला, त्याला आत्मनिर्णयाचे शिक्षण नको असे कोण म्हणेल? माझा प्रश्न मोजमापाचा आहे. लाखावर शाळांच्या राज्यात ही क्षमता मोजायची, तर मोजणारा कोण आणि त्याच्या हातातली पट्टी कोणाची?

याचा एक अनुभव आपल्या गाठीशी आहे. शिक्षण हक्क कायद्याला अनुसरून महाराष्ट्राने 2010 साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले. पहिली-दुसरीला 70 टक्के, तर सातवी-आठवीला 40 टक्के भार आकारिक मूल्यमापनाला देण्यात आला. शिवाय प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी. शिक्षकाने मूल पाहावे, ऐकावे आणि मग लिहावे, अशी ही कल्पना. प्रत्यक्षात तयार नोंदींचे संच हातोहात फिरू लागले. ‘स्वतःहून काम करतो’, ‘जबाबदारी स्वीकारते’ ही वाक्ये मुलाकडे न पाहताच वहीत उतरू लागली. स्वयंनिर्देशनाची नोंदच नक्कल करून भरली जावी, याला काय म्हणावे? मात्र केवळ शिक्षकाला दोषी धरणे अन्यायाचे होईल. वर्ग, निवडणुकीचे काम, जनगणना आणि वरून मागवलेली माहिती यांच्या ओझ्याखाली तो नोंदीपुरताच उरतो.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. आज महाविद्यालयात प्रथम वर्षाला शिकवते. या नोंदी मिळवत मोठी झालेली मुले माझ्यासमोर बसतात आणि निबंधाचा विषय दिला की विचारतात, “मॅडम, यात काय लिहायचं?” त्यांच्याजवळ बुद्धी आहे. स्वतःचा प्रश्न विचारण्याची सवय त्यांना कोणी लावलेली नाही.

परंतु खरा धोका याहून खोल आहे. ‘पुढाकार’ हा शब्द जातिनिरपेक्ष नाही. एकाने प्रश्न विचारला तर ती जिज्ञासा ठरते, दुसऱ्याने तोच विचारला तर उद्धटपणा. आई-बाप ऊसतोडीला गेल्यावर मागे राहून धाकट्या भावंडांचे खाणे-पिणे, शाळा सांभाळणारी मुलगी सबंध दिवसाचे नियोजन एकटीने करते. तिची गृहपाठाची वही कोरी असते, म्हणून प्रगतिपत्रकात तिच्या नावापुढे ‘नियोजनाचा अभाव’ लिहिले जाणार.

सहाध्यायांच्या मूल्यमापनाचे काय? एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी भीमरावांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे विटाळतील म्हणून वर्गमित्र ते उचलायला धावले. त्या वर्गाने त्यांना कोणता शेरा दिला असता?

स्वमूल्यमापनही वाटते तितके निर्दोष नाही. अँजेला डकवर्थ आणि डेव्हिड येगर या अमेरिकी अभ्यासकांनी 2015 साली दाखवून दिले, की प्रत्येक जण स्वतःला भोवतालच्या पट्टीने मोजतो; कडक शिस्तीच्या शाळेतले मूल अधिक कष्ट करूनही स्वतःला कमी लेखू शकते. म्हणून अशा उत्तरांवरून शाळा-शाळांची तुलना करू नये, असा त्यांचा इशारा आहे. ज्याला लहानपणापासून कमी लेखले गेले, त्याच्या हातून स्वतःला किती गुण दिले जातील?

मग मोजायचे काय? स्वभाव मोजू नये, काम पाहावे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्मग्रंथ कोणता, असा तर्क तिने त्यात लढवला. प्रश्न तिचा, मांडणी तिची. तिच्या स्वयंनिर्देशनाचा पुरावा त्या लेखनातच आहे. त्यासाठी शेऱ्याची गरज नाही.

हे राज्यभर करता येईल. वर्षातून एकदा प्रत्येक मुलाने आपल्या वस्तीतला एक प्रश्न निवडावा. वर्गातच त्याला वेळ द्यावा, कारण घरी वेळ आणि जागा सर्वांना सारखी नसते. पहिला खर्डा, दुसरा खर्डा आणि मध्ये काय बदलले याची चार वाक्ये, एवढे जपून ठेवावे. शिक्षकाने त्यावर शेरा नव्हे, पुढचा प्रश्न लिहावा. शासनाला आढावा हवा असेल तर त्यातला थोडा नमुना घ्यावा आणि दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकांकडून वाचून घ्यावा, तोही नाव-आडनाव झाकून. आडनावात काय दडलेले असते हे या वाचकांना सांगायला नको. त्याचे गुण मुलाच्या निकालात मिळवू नयेत.

शिक्षण हक्क कायद्याचे 29 वे कलम अभ्यासक्रम आणि मूल्यमापनाची पद्धत ठरवताना मुलाला भयमुक्त करण्याचा आणि मते मोकळेपणाने मांडायला मदत करण्याचा विचार करण्याची जबाबदारी शैक्षणिक प्राधिकरणावर टाकते. नवे प्रगतिपत्रक गावात येईल तेव्हा पालकांनी आणि कार्यकर्त्यांनी या कलमाच्या आधारे शाळेला विचारावे: आमच्या मुलीने या वर्षी कोणता प्रश्न विचारला, आणि तुम्ही त्याचे काय केले?