ऑटो स्टार्टर आणि एजर्टनचं पुस्तक

संशोधनाचा प्रस्ताव लिहायला बसलात की 'नावीन्य' हा शब्द मानगुटीवर बसतो. यात नवं काय? मुलाखतीतही हाच प्रश्न. त्या तयारीत असाल तर डेव्हिड एजर्टन या ब्रिटिश इतिहासकाराचं 'द शॉक ऑफ द ओल्ड' (२००६) जरूर वाचा.

त्याचं म्हणणं असं, की तंत्रज्ञानाचा इतिहास शोध कधी लागला यावरून लिहू नका, लोक काय वापरतात यावरून लिहा. दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन सैन्य म्हटलं की आपल्याला रणगाडे दिसतात. तो घोडे दाखवतो. घरावरचा साधा पत्रा, सायकलरिक्षा यांनाही तो मानाने जागा देतो. आणि एखाद्या यंत्राचं महत्त्व ठरवायचं तर ते नसतं तेव्हा लोकांनी काय केलं असतं, हे विचारा म्हणतो. पुस्तकातला सगळ्यात कामाचा प्रश्न हाच आहे.

जुनं-नवं एकत्र नांदतं हे त्याचं निरीक्षण बघायला दौंडकडच्या गुऱ्हाळावर जा. चरक विजेच्या मोटारीवर, चुलवाणात चिपाडं, आणि काहील कधी उतरवायची ते गुळव्या नजरेनं ठरवतो.

आता तो प्रश्न शिरूरच्या विहिरीवर लावू. मोटारीच्या पेटीत एक छोटा डबा असतो, ऑटो स्टार्टर. वीज आली की मोटार आपोआप सुरू. शेतीची थ्री-फेज वीज पाळीपाळीने कधी दिवसा, कधी रात्री येते. हा डबा नसता तर? रात्री दोनला बॅटरी घेऊन उसातून जायचं, आणि शिरूरच्या उसात बिबट्या आहे! इथे एजर्टन शंभर टक्के बरोबर. खिशातल्या स्मार्टफोनपेक्षा हा डबा जास्त महत्त्वाचा.

पण पुढे पुस्तक पुरत नाही. वीज आली की एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात. इंडक्शन मोटार थेट सुरू केली तर सुरुवातीला नेहमीच्या साधारण पाच ते सात पट करंट ओढते. अशा दहा-पंधरा एकदम उठल्या की डीपीवर केवढा ताण येईल, हिशोब करून बघा. डीपी जळली की सगळ्यांचंच पाणी बंद. म्हणून महावितरण सांगतं, ऑटो स्टार्टर काढा, कॅपॅसिटर बसवा. शेतकरी म्हणतो, मग रात्री तुम्ही या मोटार चालू करायला. दोघंही चूक नाहीत.

एजर्टन किती लोक वापरतात ते विचारायला शिकवतो. इथे परिणाम ठरतो तो सगळे एकाच वेळी वापरतात यावरून, आणि हे त्याच्या चौकटीत नीट बसत नाही. शिवाय शंभर वर्षं आणि अख्खं जग एका पुस्तकात घेतल्यावर वापरणाऱ्याचं भांडण ऐकू येत नाही. ही तक्रार थोडी अन्यायाची आहे, पण विषय शोधणाऱ्याला फट तिथेच सापडते.

आता काही फीडरवर सौर प्रकल्पांमुळे दिवसा वीज मिळू लागलीय. तिथे रात्रीच्या फेरीचं कारण गेलं. डबे निघतायत का? नसतील तर का? एका डीपीवरच्या मोटारी मोजा, किती ऑटोवर आहेत ते लिहा, वीज येते त्या क्षणीचा करंट क्लॅम्प मीटरने बघा. मालकाला आधी विचारा, वायरमनला सोबत घ्या आणि पेटीला स्वतः हात लावू नका.