नारायणरावांची हाक : एक प्रमाणविचार

शनिवारवाड्यांत पौर्णिमेच्या रात्रीं नारायणराव पेशव्यांचा आत्मा ‘काका, मला वाचवा’ अशी जिवंतांस हाक मारतो, ही आख्यायिका कोथरूडास आमच्याकडे येणारे संग्राहकही हल्लीं कागदपत्रांच्या जोडीस बसवूं लागले आहेत. वध झाला तो ३० ऑगस्ट १७७३ रोजीं, भाद्रपद शुद्ध त्रयोदशीस, आणि तोही दुपारीं. मग पौर्णिमा व रात्र आली कोठून? ज्या दालनांतून हाक येते म्हणतात, तीं तर १८२८ च्या आगींत जळालीं. न्यायशास्त्रांत शब्द हा प्रमाण होतो तो आप्ताचा. येथें वक्ता अदृश्य आणि श्रोता निनावी! रामशास्त्र्यांच्या चौकशींत जें निष्पन्न झालें, त्यांत या हाकेनें एका अक्षराचीही भर घातलेली नाहीं. तथापि ती आम्ही टाकाऊ म्हणत नाहीं. राघोबांविषयीं लोकमत काय होतें, याचा ती पुरावा आहे. संग्रहांत तिला त्याच खणांत ठेवावें.