अडतिसातल्या सात

अमेरिकेतल्या हायस्कुलांत वरच्या पातळीचं स्पॅनिश शिकणाऱ्या मुलांसाठी कॉलेज बोर्डाचा 'एपी स्पॅनिश साहित्य आणि संस्कृती' हा अभ्यासक्रम आहे. त्याच्या सक्तीच्या यादीत मध्ययुगापासून आजवरच्या 38 कृती आहेत आणि त्यातल्या सात बायकांच्या: सोर हुआना, पार्दो बासान, स्तोर्नी, हुलिया दे बुर्गोस, नान्सी मोरेखोन, इसाबेल अयेंदे, रोसा मोन्तेरो. 1945 चं नोबेल मिळवणारी गाब्रिएला मिस्त्राल त्यांत नाही. स्पॅनिशमध्ये लिहून नोबेल मिळालेली आजवरची ती एकटीच बाई!

पण आकड्यापेक्षा मला जास्त खटकतं ते त्यांना दिलेलं स्थान. या सातही कृती आखूड आहेत, कविता किंवा छोटं गद्य, एकदोन तासांत शिकवून होणाऱ्या. अख्खं मोठं नाटक वाचायचं तर तिर्सो दे मोलिना किंवा लोर्का. लोर्काच्या 'बेर्नार्दा आल्बाचं घर'मध्ये रंगमंचावर सगळ्या बायकाच आहेत, लिहिणारा तेवढा पुरुष. (नाटक थोर आहे, त्याच्याशी भांडण नाही.)

अभ्यासक्रम सहा सूत्रांत बांधलेला आहे आणि त्यातलं एक 'लिंगभावाची घडण'. लेखिका आली की बहुधा याच खणात जाऊन बसते. सोर हुआनाची यादीतली कविता पुरुषांच्या दुटप्पीपणाला झोडपणारी. हुशार, खटकेबाज, वर्गात हमखास रंगणारी. पण रात्रीच्या अंधारात आत्मा विश्वाचं ज्ञान कवेत घ्यायला निघतो आणि हरतो, हे सांगणारं तिचं 975 ओळींचं 'प्रिमेरो सुएन्यो' यादीत नाही. काळ आणि नश्वरता हे विषय गोंगोरा आणि केवेदो यांच्याकडे, बाईकडे बाईपणाचा. तत्त्वचिंतक सोर हुआना मुलांना भेटतच नाही.

मेक्सिकन लेखिका एलेना गार्रोचं वगळलं जाणं तर आणखी बोचतं. यादीत कोर्तासारची कथा आहे: मोटारसायकलच्या अपघातात जखमी झालेला माणूस इस्पितळातल्या खाटेवरून आस्तेकांच्या बलिवेदीकडे ओढला जातो. गार्रोच्या 1964 च्या 'ला कुल्पा एस दे लोस त्लाक्सकाल्तेकास'मध्ये मेक्सिको सिटीतली एक सुखवस्तू बायको अशीच आस्तेक राजधानीच्या 1521 च्या पाडावात जा-ये करते. तिथे तिचा पहिला नवरा लढतोय आणि ती पळून आली आहे. कोर्तासारकडे काळाची सरमिसळ हा चकवा आहे, गार्रोकडे ती अपराधाची टोचणी. शिवाय स्पॅनिश विजेत्या कोर्तेसचं पत्र आणि पराभूतांच्या नजरेतून सांगितलेली विजयाची कहाणी दोन्ही यादीत आहेतच. गार्रोची कथा त्यांच्या शेजारी ठेवली तर तीनशे पानांच्या ग्रंथाचं काम करील.

यादी बदलायला वर्षं लागतात, पण शिक्षकांना तोवर थांबायची गरज नाही. परीक्षेतच एक प्रश्न यादीतल्या आणि यादीबाहेरच्या उताऱ्यांची तुलना करायला सांगतो. सराव म्हणून बाहेरचा उतारा शोधावा लागतोच. तो गार्रोचा घ्यावा, आणि कोर्तासार संपवला त्याच आठवड्यात.