पृष्ठभागीय प्रथिनांची जनुके आणि रिकेट्सियांचे वर्गीकरण : एक चिकित्सा

रिकेट्सिया हे जिवाणू सजीव पेशीबाहेर वाढत नाहीत. त्यामुळे जैवरासायनिक चाचण्यांवर आधारलेले नेहमीचे वर्गीकरण त्यांच्या बाबतीत निरुपयोगी ठरते. उंदरांच्या रक्तजलावरील चाचणीने बराच काळ काम भागविले. पुढे १६-एस आरआरएनए जनुकाचा आधार घेण्यात आला. परंतु या प्रजातीत ते इतके एकसारखे आहे की निकटच्या जाती त्यावरून वेगळ्या करणे कठीण जाते. ही उणीव ओएमपी-ए व ओएमपी-बी या बाह्य पटलावरील प्रथिनांच्या जनुकांनी भरून काढली.

२००३ मध्ये फूर्निए, राऊल्ट व सहकाऱ्यांनी पाच जनुकांच्या साम्यावर निकष मांडले. निकटतम मान्य जातीशी साम्य १६-एससाठी ९९.८, जीएलटी-एसाठी ९९.९, ओएमपी-एसाठी ९८.८, ओएमपी-बीसाठी ९९.२ व जनुक-डीसाठी ९९.३ टक्के या मर्यादा. यांपैकी एकाहून अधिक मर्यादा गाठली गेली नाही, तर जात नवी. निकष सुटसुटीत आहे, यात शंका नाही. मात्र आधीच मान्य असलेल्या जातींमधील अंतरे मोजूनच ही पट्टी आखली गेली. तीच पट्टी पुन्हा त्या जातींचे समर्थन म्हणून पुढे करणे तर्कदुष्ट ठरते.

मूळ अडचण याहून खोल आहे. पृष्ठभागावरील प्रथिने आश्रयीच्या प्रतिकारशक्तीला थेट सामोरी जातात. त्यांच्यातील बदल केवळ काळाने घडत नाहीत, निवडीच्या दाबानेही घडतात. म्हणूनच ती ओळख पटविण्यास उपयुक्त आहेत, आणि म्हणूनच वंशावळीचे साक्षीदार म्हणून संशयास्पद. क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिसच्या बाबतीत हे स्पष्ट झाले आहे. त्याचे प्रकार ओएमपी-ए जनुकावरून ठरविले जात (नाव तेच असले तरी हे जनुक निराळे). २०१२ मध्ये संपूर्ण जनुकसंचांच्या तुलनेने, पुनर्संयोजनामुळे त्या प्रकारांआड खरे नाते झाकले गेल्याचे दाखविले. रिकेट्सियांत पुनर्संयोजन तितके प्रबळ नसेलही. पण टायफस गटात ओएमपी-ए कार्यक्षम स्वरूपात आढळत नाही, त्यामुळे संपूर्ण प्रजातीला लागू पडणारे ते मापच नव्हे.

भारताशी निगडित उदाहरण बोलके आहे. गोचिडांमार्फत पसरणाऱ्या इंडियन टिक टायफसचा जिवाणू या पट्टीने रिकेट्सिया कोनोरी याच जातीत मोडतो. तरीही २००५ मध्ये त्याला 'इंडिका' ही स्वतंत्र उपजाती मानण्याचा प्रस्ताव आला. त्यासाठी जनुकीय प्रकारनिर्धारणासोबत उंदरांवरील रक्तजल चाचणी, रोगाचे स्वरूप व प्रसार यांचाही आधार घ्यावा लागला. म्हणजे जी चाचणी जनुकांनी मागे टाकली असे समजले जात होते, तीच निर्णयाच्या वेळी परत बोलवावी लागली.