एट्रुरियाचे पहिले कलश : चाक, चित्र आणि दोन भाजण्या

जोसाया वेजवूडच्या स्टॅफर्डशायरमधील एट्रुरिया या कारखान्याचा आरंभ १३ जून १७६९ रोजी झाला. त्या दिवशी भागीदार टॉमस बेंटली याने चाक फिरविले आणि वेजवूडने स्वहस्ते काळ्या मातीचे सहा कलश घडविले. त्यांपैकी चार भट्टीतून सुखरूप निघाले. एट्रुरियाच्या कलांचा पुनर्जन्म होत आहे, अशा आशयाचे लॅटिन वचन त्यांवर आहे. संस्थापकाच्या हस्तकौशल्याचे स्मारक म्हणून त्यांचा गौरव होतो. प्रस्तुत लेखकास मात्र त्यांचे खरे महत्त्व चाकापेक्षा भट्टीत दिसते.

कलशांवरील हर्क्युलिसचे चित्र विल्यम हॅमिल्टनच्या संग्रहाविषयीच्या ग्रंथातून घेतलेले आहे. मूळ पात्र इ. स. पू. पाचव्या शतकातील अथेन्सचे. (अशी पात्रे तेव्हा एट्रुस्कन समजली जात, कारखान्याचे नावच एका गैरसमजावर उभे आहे.) अथेन्समध्ये आकृतींभोवतीची जागा अतिशय बारीक मातीच्या लेपाने भरीत, आकृती म्हणजे उघडी राखलेली माती. एकाच भाजणीत भट्टीतील हवा आधी खेळती ठेवून, मग कोंडून आणि पुन्हा मोकळी करून लेप काळा व माती लाल केली जाई. वेजवूडच्या कलशांत नेमके उलटे घडते. पार्श्वभूमी म्हणजे काळी मातीच, आणि आकृती वरून लाल रंगाने काढलेल्या. हा रंग भाजलेल्या कलशावर लावून कमी आचेच्या दुसऱ्या भाजणीत पक्का करावयाचा.

हा भेद केवळ तांत्रिक मानणे चूक ठरेल. भाजणी एकच असेल तर चित्रकाराला कुंभाराच्या भट्टीजवळच बसावे लागते, कारण कच्चे पात्र दूरचा प्रवास सोसत नाही. भाजण्या दोन झाल्या की त्यांच्या मध्ये कितीही अंतर मावते. हे कलश घडले आणि भाजले गेले स्टॅफर्डशायरमध्ये, रंगविले गेले ते लंडनलगतच्या चेल्सीत. माणसांची न चुकणारी यंत्रे बनविण्याची आकांक्षा वेजवूडने त्याच वर्षी बेंटलीला पत्रातून कळविली होती. ती शक्य होण्यात या दुसऱ्या भाजणीचा वाटा मोठा आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून येथे पुनर्जन्म झाला तो चित्राचा. चित्र आणि अग्नी यांचा जुना संबंध मात्र तुटला.

कलशावरील इंग्रजी लेखात तारीख आहे, स्टॅफर्डशायर आहे, वेजवूड आणि बेंटली ही नावे आहेत आणि ही वस्तू पहिल्या दिवसाच्या निर्मितीपैकी असल्याचे विधान आहे. त्या दिवशी प्रत्यक्षात झाले ते फक्त चाकावरचे काम. चेल्सीचा उल्लेख नाही, रंगविणाऱ्याचे नाव नाही. मूळ अथेनियन पात्रावर मैडिअस या कुंभाराची सही आहे. चित्रकार तेथेही अनामिकच राहिला.